शाळिग्राम, गारगोटी आणि गोदावरी: नाशिकच्या कातळातले पाच दिवस

पहिला दिवस : कसारा ते नाशिक

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पाच दिवसांसाठी माझ्या थोरल्या बहिणीकडे नाशिकला गेले. गेली सव्वीस वर्षे मी डोंबिवलीत मुलांना विज्ञान शिकवीत आले आहे आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी कोणी ना कोणी मला विचारले आहे की डायनोसॉर कशाने संपले. ‘आकाशातून लघुग्रह कोसळला’ एवढे सांगून मी पुढच्या धड्याकडे वळत असे. उत्तर चुकीचे नव्हते, पण त्याची दुसरी बाजू आपल्याच सह्याद्रीत पडून आहे आणि ती आपण मुलांना कधी दाखवलेली नाही, ही रुखरुख मनात होती. माझा भाचा भूशास्त्र शिकला असून सध्या जिल्ह्यात भूजलाचे काम करतो. ‘मावशी, एकदा सवडीने ये. पुस्तक घरी ठेव, आपण दगड बघत फिरू,’ असे तो दोन वर्षे म्हणत होता.

तपोवन एक्सप्रेस कसाऱ्याला थांबली आणि मागून बँकर इंजिने जोडली गेली. या घाटाचा चढ 1 : 37 इतका आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते, आणि त्यासाठी मागून रेटा लागतोच. मी खिडकीजवळची जागा मुद्दाम मागून घेतली होती. बोगद्यांमधल्या उजेडाच्या तुकड्यांत समोरचे डोंगर दिसत राहतात आणि त्यांची घडण लक्ष देऊन पाहिली तर पायऱ्यांसारखी दिसते : एक उभा काळा कडा, त्यावर गवताची उतरती पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. या पायऱ्यांवरूनच दख्खनच्या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले, कारण स्वीडिश भाषेत ‘त्राप्पा’ म्हणजे जिना. प्रत्येक कडा हा लाव्हाच्या एखाद्या थराचा घट्ट गाभा आहे आणि प्रत्येक गवताळ पट्टीखाली त्या थराचा सच्छिद्र, लवकर झिजणारा माथा आहे.

हा जिना सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी रचला गेला. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा खडक पसरलेला आहे आणि पश्चिम घाटात थरांची एकत्रित जाडी 2 किलोमीटरहून अधिक भरते. भूशास्त्रज्ञांनी या थरांचे गट पाडून त्यांना गावांची आणि डोंगरांची नावे दिली, तेव्हा तळाच्या भागाला जव्हार आणि इगतपुरी ही नावे मिळाली आणि त्या संपूर्ण खालच्या गटाला कळसूबाईचे नाव मिळाले. जगभरच्या शोधनिबंधांत ‘इगतपुरी’ हा शब्द येतो तो वडापाव आणि धुके यांच्यासाठी येत नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट जाणवले आणि खरे सांगायचे तर अभिमान वाटला.

संध्याकाळी ताईकडे दिवा लागला, तेव्हा भाच्याने देवघरातला शाळिग्राम तिची परवानगी घेऊन हातात घेतला. तो तिच्या सासूबाईंनी मुक्तिनाथच्या यात्रेहून आणलेला आहे. लिंबाएवढा, काळाभोर, तेलापाण्याने तुकतुकीत झालेला दगड; एका बाजूला तोंड आणि त्या तोंडातून आत डोकावले की गुंडाळत गेलेल्या बारीक वरंब्या दिसतात. या वरंब्यांना आपण विष्णूचे चक्र म्हणतो. ज्या प्राण्याच्या शंखाचा हा ठसा आहे तो अमोनाइट, माखल्यांचा दूरचा नातेवाईक. जुरासिक काळात, हिमालय उभा राहण्याच्या कितीतरी आधी, तिथे टेथिस नावाचा समुद्र होता आणि त्यात हे प्राणी पोहत होते. गंडकी नदी डोंगर कापत जाते आणि त्या समुद्राच्या गाळातले हे गोळे आपल्या काठावर आणून टाकते.

‘म्हणजे हा कधी काळी जिवंत होता?’ ताईने विचारले.

‘हो आई. आणि याचं सगळं कुळच आता नाही,’ भाचा म्हणाला.

अमोनाइटांचे हे कुळ सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी उदयाला आले. पृथ्वीवर पाच महाविलोपने, म्हणजे थोड्या काळात बहुसंख्य प्रजाती नष्ट होण्याच्या घटना, झाली असे मानले जाते आणि त्यांतल्या चारांना या कुळाने तोंड दिले. 37 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळाच्या उत्तरार्धात, समुद्रातला प्राणवायू घटला आणि प्रवाळांच्या अवाढव्य भिंती कोसळल्या, तेव्हा हे कुळ थोडक्यात वाचले. 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी पर्मियन काळ संपताना समुद्रातल्या दहांपैकी आठ-नऊ प्रजाती गेल्या, तेव्हा यांच्या मोजक्याच शाखा उरल्या आणि त्यांतून पुन्हा शेकडो प्रकार झाले. 20 कोटी 10 लाख वर्षांपूर्वी ट्रायासिक संपताना पुन्हा तसेच घडले. चौथ्या खेपेला, म्हणजे आमच्या या काळ्या कातळाच्या काळात, एकही शाखा टिकली नाही. त्यांचा चुलतभाऊ नॉटिलस मात्र आजही खोल समुद्रात आहे. असे का झाले याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण असे देतात की अमोनाइटांची पिल्ले अगदी बारीक असत आणि पृष्ठभागाजवळच्या पाण्यात तरंगत वाढत, तर नॉटिलस खोलवर मोजकी, मोठी अंडी घालतो. संकट पृष्ठभागावर आले आणि पाळणाघर नेमके तिथेच होते.

ताईने शाळिग्राम परत घेतला, पुसला आणि नेहमीपेक्षा जरा अधिक वेळ ओंजळीत धरून ठेवला.

दुसरा दिवस : सिन्नर

सकाळी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढलो. त्रिरश्मी डोंगराच्या कातळात कोरलेल्या या 24 लेण्यांवर आणि त्यांतल्या सातवाहन-क्षत्रपांच्या शिलालेखांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी ते इथे लिहीत नाही. मी भिंतीजवळ उभी राहिले ती तिच्यावरचे छिद्र पाहण्यासाठी. कोरीव खांबाच्या बाजूला, कातळाच्या न घडवलेल्या भागात, हरभऱ्यापासून बोरापर्यंत आकाराच्या पोकळ्या आहेत. काही रिकाम्या, काही पांढऱ्या खनिजाने भरलेल्या. लाव्हा वाहत असताना त्यात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येत आणि वरचा भाग आधी थिजला की तिथेच अडकत. जे अडकले त्यांचे हे साचे आहेत. जे निसटले ते हवेत गेले. माझ्या दृष्टीने महाविलोपनांच्या कारणांचा अर्धा अधिक भाग या ‘निसटले’ या शब्दात आहे, कारण लाव्हा पोळून मारतो तो फार तर आपल्या वाटेतल्यांना, पण वायू साऱ्या पृथ्वीवर पसरतात.

दुपारी सिन्नरला गारगोटी संग्रहालयात गेलो. दख्खनच्या पोकळ्यांमधून पुढे लाखो वर्षे गरम पाणी झिरपत राहिले आणि त्यातून स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट अशी खनिजे स्फटिकांच्या रूपाने साचली. यांतल्या बहुतेकांना एकत्रितपणे झिओलाइट म्हणतात. नाशिक, नगर, पुणे आणि जळगाव भागांतल्या खाणींतून आणि विहिरी खोदताना निघणारे हे स्फटिक जगातल्या मोठमोठ्या संग्रहांत आहेत. काचेमागे एका मोठ्या पोकळीचा अर्धा भाग मांडला होता : बाहेरून काळा खडबडीत बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक, आत पीच रंगाच्या स्टिलबाइटच्या जुड्या आणि त्यांच्यावर पाण्यासारखा स्वच्छ अपोफिलाइटचा चौकोनी खडा. तिथे शाळेची सहल आली होती आणि मुले ‘हिरा, हिरा’ म्हणत काचेला नाक लावत होती. एवढ्या सुंदर वस्तूची जागा मुळात वायूच्या एका बुडबुड्याने करून ठेवली होती, हे मी त्यांच्यातल्या एका मुलीला सांगितले. तिने लगेच विचारले, ‘कोणता गॅस?’

हाच प्रश्न योग्य आहे. त्या वायूंत पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू मुख्य होते. गंधकाच्या वायूंपासून हवेत बारीक कण तयार होतात, ते सूर्यप्रकाश अडवतात आणि काही वर्षे थंडी पडते. शिवाय आम्लपाऊस होतो. कार्बन डायऑक्साइड मात्र हजारो वर्षे टिकतो, हवा तापवतो आणि समुद्रात विरघळून पाणी आम्लधर्मी करतो, त्यामुळे कवच बांधणाऱ्या जिवांना चुना जमवणे कठीण होते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. त्यामुळे आधी गारठा, मग उष्णता, मग आम्ल आणि शेवटी गुदमरणे असे आघात एकाच जिवावर एकामागून एक होतात, आणि एका आघातातून सावरण्याच्या आत दुसरा येतो.

ही साखळी सर्वांत भयंकर रूपात चालली ती दख्खनमध्ये नव्हे, सायबेरियात. पर्मियनच्या शेवटी तिथला शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वर येताना कोळशाच्या, मिठाच्या आणि चुनखडीच्या जाड थरांत शिरला आणि त्या थरांनाच त्याने भाजून काढले. लाव्हाच्या स्वतःच्या वायूंत या भाजलेल्या थरांचे वायू मिसळले. विषुववृत्ताजवळचे समुद्र सुमारे 8 ते 10 अंशांनी तापले. चीनमधल्या मैशान इथल्या खडकांतील झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांवरून काढलेल्या वयांनुसार विलोपनाचा मुख्य टप्पा सुमारे 60 हजार वर्षांतच उरकला. ट्रायासिकच्या शेवटीही असेच एक लाव्हाक्षेत्र कारण ठरले, ते अटलांटिक महासागर उघडू लागला त्या भेगेवरचे. सर्वांत जुने, 44 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीचे ऑर्डोव्हिशियन विलोपन मात्र थंडीच्या हातून झाले : दक्षिणेकडच्या गोंडवन खंडावर बर्फ साचला, समुद्राची पातळी उतरली आणि उथळ समुद्र, जिथे तेव्हाचे बहुतेक जीव राहत होते, कोरडे पडले.

तिसरा दिवस : त्र्यंबक, ब्रह्मगिरी आणि अंजनेरी

पहाटे सहाला निघालो. थंडी एवढी होती की त्र्यंबक रस्त्यावरच्या टपरीवर चहाचा पेला दोन्ही हातांनी धरूनही बोटे सैल होईनात. वाटेत रस्त्यासाठी कापलेल्या एका दरडीजवळ भाच्याने गाडी थांबवली. खाली काळा कातळ, वर काळा कातळ आणि मध्ये हातभर रुंदीचा विटकरी लाल पट्टा. मी त्यावर अंगठा घासला, तर गेरूसारखी माती निघाली. एक लाव्हा थंड झाला, त्याचा माथा ऊन-पावसाने कुजून माती झाली, त्यात कधी ज्वालामुखीची राखही पडली आणि मग पुढच्या लाव्हाने ती माती भाजून लाल केली. हा पट्टा म्हणजे उद्रेकांमधली विश्रांती. काही विश्रांती हजारो वर्षांच्या होत्या आणि तेवढ्या अवधीत तिथे झाडे वाढली, तळी साचली, प्राणी परतले. नागपूरजवळच्या टाकळीसारख्या ठिकाणी दोन लाव्हांच्या मधल्या तळ्यांच्या गाळात त्या काळातल्या मासे-बेडकांपासून वनस्पतींपर्यंतचे अवशेष सापडतात.

याच लाल पट्ट्यांतल्या राखेत झिरकॉनचे सूक्ष्म खडे असतात आणि त्यांतल्या युरेनियमचे शिसे किती झाले यावरून वय काढता येते. ब्लेअर शीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातून असे नमुने नेले. कोर्टनी स्प्रेन, पॉल रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष लाव्हाचे वय आर्गॉन वायूच्या पद्धतीने काढले. दोघांचे निष्कर्ष 2019 साली एका विज्ञान-नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले. बहुतेक सारा लाव्हा 10 लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, यावर दोघांचे एकमत आहे. पण शीन यांच्या मते एक मोठा झटका लघुग्रह आदळण्याच्या अगदी आधी आला होता, तर स्प्रेन यांच्या मते लाव्हाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग आघातानंतर बाहेर आला. एवढा फरक महत्त्वाचा का, तर कारण हे परिणामाच्या आधी असावे लागते.

कुशावर्तावर हात-पाय धुऊन, मंदिरात दर्शन घेऊन आम्ही ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांना लागलो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेले त्र्यंबकेश्वराचे मंदिर याच काळ्या पाषाणाचे आहे. गंगाद्वाराजवळ कपारीतून थेंब-थेंब पाणी येते आणि त्याला आपण गोदावरी म्हणतो. पाणी इथे का येते हेही थरांवरूनच कळते : वरचा सच्छिद्र, भेगाळलेला थर पावसाळ्यात पाणी पितो, खालचा घट्ट थर किंवा लाल मातीचा पट्टा ते अडवतो आणि दोहोंच्या सांध्यातून ते बाहेर पडते. भाच्याचे रोजचे कामच हे असल्यामुळे तो त्या सांध्यापाशी बराच वेळ रेंगाळला.

तिथे बसून त्याने मला जी गोष्ट सांगितली तिच्यासाठी ही सारी सहल केली असती तरी चालले असते. गोदावरी इथून निघते आणि 1465 किलोमीटर वाहून आंध्रात समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळ राजमहेंद्रीला, सगळ्या दख्खन ट्रॅपपासून तुटलेला, बेसाल्टचा एक लहानसा तुकडा आहे. त्याची रसायने आणि चुंबकीय नोंद सह्याद्रीतल्या वरच्या थरांशी जुळते. म्हणून अनेक भूशास्त्रज्ञांचे मत असे आहे की लाव्हा पश्चिमेकडून निघून, त्या वेळच्या नद्यांच्या खोऱ्यांतून, सुमारे 1000 किलोमीटर वाहत पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला. वर कवच थिजलेले आणि आत वितळलेला रस पुढे सरकत राहिलेला, असे झाले तर लाव्हा इतका दूर जाऊ शकतो. पृथ्वीवर ठाऊक असलेल्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्यांची गणना होते.

आणि तो तिथे समुद्रात शिरला. राजमहेंद्रीच्या खाणींत खालच्या आणि वरच्या लाव्हाच्या मध्ये सागरी गाळाचा थर आहे. त्या गाळात फोरामिनिफेरा नावाचे एकपेशी, चुन्याच्या कवचाचे जीव सापडतात आणि ते विलोपनाच्या लगेच नंतरच्या काळातले, अगदी लहान आकाराचे, मोजक्याच प्रकारांचे आहेत. गेर्टा केलर यांच्या गटाने 2008 साली ही नोंद मांडली. जगात बहुतेक ठिकाणी लाव्हा एकीकडे आणि विलोपनाची रेघ दुसरीकडे असते. इथे दोन्ही एकाच खाणीच्या भिंतीत आहेत. कुशावर्तात डुबकी घेणारे आणि राजमहेंद्रीला पुष्कर मेळ्यात स्नान करणारे एकाच नदीच्या दोन टोकांना उभे असतात, हे आपण जाणतो. त्या दोन्ही टोकांना त्यांच्या पायांखाली एकाच संकटाचा खडक आहे, हे मात्र मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

लघुग्रहाचे काय? 1980 साली लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी इटलीतल्या गुब्बिओ इथल्या सेंटिमीटरभर मातीच्या थरात इरिडियम हे दुर्मीळ मूलद्रव्य नेहमीच्या सुमारे तीस पट असल्याचे दाखवले. इरिडियम पृथ्वीच्या कवचात फार थोडे असते, अशनींत अधिक. पुढे मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्याखाली चिक्सुलुबचे विवर ओळखले गेले, व्यास सुमारे 180 किलोमीटर. आपल्या लोणारचे विवर 1.8 किलोमीटर आहे. त्याच्या काठावर उभे राहून ज्याची छाती दडपली आहे त्याने शंभर पट मोठा घेर डोळ्यांपुढे आणावा. दहाएक किलोमीटर आकाराचा तो गोळा गंधकयुक्त खडकावर पडला. गंधक, धूळ आणि काजळी यांनी आकाश झाकले, झाडांना आणि समुद्रातल्या शेवाळांना अन्न बनवता येईना आणि अन्नसाखळी तळापासून सुटली. सुमारे 75 टक्के प्रजाती गेल्या.

दख्खनने मारले की लघुग्रहाने, या वादात मी आता एका बाजूला झुकले आहे. पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी 2020 साली समुद्रातल्या गाळावरून दाखवले की दख्खनच्या वायूंमुळे आलेली उष्णता आघाताच्या आधीच ओसरलेली होती. जीवसृष्टी तापली होती आणि सावरली होती. जिने सावरायला सवड दिली नाही ती एका दिवसातली घटना होती. मात्र त्यामुळे दख्खन निर्दोष ठरत नाही. आघातानंतर, उरलेल्या पावपट प्रजाती धडपडत असताना, लाव्हा आणखी काही लाख वर्षे वाहतच राहिला. समुद्र पूर्ववत व्हायला एवढा काळ का लागला, याच्या उत्तरात ब्रह्मगिरीचा वाटा असावा असे मला वाटते.

उतरून दुपारी अंजनेरीला गेलो. डोंगराच्या माथ्यावरच्या सपाटीवर, पातळ मातीच्या गवतात, खर्पुडीची म्हणजे कंदीलपुष्पाची एक जात आढळते, सेरोपेजिया अंजनेरिका. 2006 साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले आणि तिला या डोंगराचेच नाव मिळाले. फुले पावसाळ्यात येतात. डिसेंबरात वर काहीच नव्हते, फक्त वाळके गवत. कंद मात्र खाली मातीत होता. मी तिथे पायवाट सोडून एक पाऊलही टाकले नाही. एखाद्या डोंगरमाथ्यापुरतेच घर असलेल्या जिवाला नाहीसे होण्यासाठी लघुग्रह लागत नाही, एक वणवा किंवा एक रुंद रस्ता पुरतो. मोठ्या विलोपनांतही हेच दिसते की ज्यांचा वावर दूरवर पसरलेला होता ते तगले आणि ज्यांचे घर लहान होते ते आधी गेले.

उतरताना कड्याच्या वर दोन गिधाडे घिरट्या घालताना दिसली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातली संख्या 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत हजारातून एक इतकी खाली आली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जात होते आणि मूत्रपिंडे निकामी करत होते. 2006 साली जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. हरसूलजवळ खोरीपाड्याला गावकरी आणि वनखाते मिळून गिधाडांसाठी सुरक्षित मृत जनावरे ठेवतात. ती दोन पाखरे दिसेनाशी होईपर्यंत आम्ही मान वर करून उभे होतो.

चौथा दिवस : धोडप

गुडघे बोलू लागले होते, म्हणून धोडपच्या माथ्यावर जाण्याचा हट्ट सोडला आणि हट्टी गावातून किल्ला पाहिला. सातमाळा रांगेत दुरूनही ओळखू येणारी त्याची खाच लांब, सरळ भिंतीला पडलेली आहे. ही भिंत माणसाने बांधलेली नाही. जमिनीला उभी भेग पडली, तिच्यात शिलारस भरून थिजला आणि भोवतालचा खडक झिजल्यावर तो भिंतीसारखा उभा राहिला. याला डाइक म्हणतात. दख्खनचा लाव्हा फुजीयामासारख्या एखाद्या उंच शंकूतून न येता जमिनीच्या अशाच लांबलचक भेगांतून वर आला.

अशा भेगेचा अनुभव माणसाने घेतलेला आहे. आइसलँडमध्ये लाकी इथे जून 1783 मध्ये 27 किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिन्यांत सुमारे 15 घन किलोमीटर लाव्हा आला. लाव्हापेक्षा वायूंनी गवत विषारी झाले, गुरे मेली आणि दुष्काळात त्या देशातली जवळपास एक-पंचमांश माणसे गेली. दख्खनच्या एकेका मोठ्या प्रवाहात काही शे ते हजारावर घन किलोमीटर लाव्हा होता. हट्टीच्या शेतात कांद्याची लागवड चालली होती. एका बाईंनी आम्हांला पाणी दिले आणि भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, ‘भीमानं बांधलीय म्हणतात.’ भाचा त्यांना डाइकविषयी सांगू लागला, तेव्हा त्यांनी काम थांबवून सगळे ऐकले आणि ‘म्हणजे आमच्या रानाखालीबी हाय का ती?’ असा प्रश्न विचारला. आहे, असे तो म्हणाला. विहिरीला पाणी कुठे लागेल हे अशा भिंतींवर अवलंबून असते आणि दोघांचे बोलणे मग तिकडेच वळले.

पाचवा दिवस : एकलहरे आणि नांदूरमधमेश्वर

नाशिकरोडहून पूर्वेला निघालो की एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दिसू लागतात. तिथे 210 मेगावॉटचे तीन संच आहेत. आपल्या देशातला जवळपास सगळा दगडी कोळसा गोंडवन खडकांतला आहे आणि त्यातला बहुतेक पर्मियन काळातला. त्या वेळी या भूमीवर ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या झाडांची दलदलीची राने होती. पर्मियनच्या शेवटी ती राने नाहीशी झाली. त्यानंतर सुमारे एक कोटी वर्षे पृथ्वीवर कुठेच कोळसा तयार झाला नाही, कारण दलदली भरून काढणारी झाडेच उरली नव्हती. बंगालमधल्या राणीगंजला कोळशाच्या वरच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस संपतो आणि लिस्ट्रोसॉरस नावाच्या, डुकराएवढ्या, बिळे करून राहणाऱ्या प्राण्याची हाडे सापडू लागतात. महाविलोपनानंतरच्या जगात काही काळ जमिनीवर जिथे पाहावे तिथे हाच प्राणी होता. कोण वाचेल हे बळावर ठरत नाही, हे त्याच्या हाडांकडे पाहून कळते.

सायबेरियाच्या शिलारसाने जमिनीत पुरलेला कोळसा जाळला आणि आपणही तोच व्यवहार करीत आहोत. जीवाश्म इंधनांतून जग आज वर्षाला सुमारे 3700 कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. सगळे ज्वालामुखी मिळून वर्षभरात जेवढा सोडतात, त्याच्या शंभर पटीच्या आसपास हे भरते. दख्खनने एकूण आपल्याहून जास्त वायू ओतला असेल, पण त्याला लाखो वर्षे लागली. आपण शतका-दोन शतकांत ओततो आहोत. समुद्राला आम्ल पचवायला आणि झाडांना थंड जागेकडे सरकायला वेळ लागतो आणि तोच आपण त्यांना देत नाही. सहावे महाविलोपन सुरू झाले आहे, असे सरसकट म्हणणे मला आजही घाईचे वाटते, कारण तीन-चतुर्थांश प्रजाती गेलेल्या नाहीत. पण 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या जागतिक जैवविविधता मूल्यांकनात सुमारे 10 लाख प्रजाती धोक्यात असल्याचे म्हटले आहे, आणि जे गेलेले नाही तेच वाचवता येते. मी हे वर्गात आता निम्म्या वाक्यात सांगणार नाही.

धुराड्यांच्या मागे, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, नांदूरमधमेश्वरचा जलाशय आहे. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्यता मिळालेली पाणथळ जागा. चापडगावच्या बाजूने आत गेलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि थापट्या बदकांचा एक थवा आपल्या रुंद चोचींनी पाणी गाळत पुढे सरकत होता. चक्रवाकांची जोडी दूर वाळूवर बसली होती. जांभळ्या पाणकोंबड्या पाणवनस्पतींत खसखस करत होत्या. पक्षी हे डायनोसॉरच आहेत, वाचलेल्या शाखेतले, हे आता शास्त्रज्ञांत वादाचे राहिलेले नाही. आघातानंतरच्या काळात जंगले जळाली-मोडली, तेव्हा झाडांवर राहणारे बहुतेक पक्षी गेले आणि जमिनीवर, पाण्याकाठी वावरणारे, बियांवर गुजराण करू शकणारे थोडे उरले, असे मानतात. गोड्या पाण्यातले जीवनही तुलनेने कमी हलले, कारण तिथले पुष्कळ जीव कुजलेल्या पाल्यावर जगतात आणि सूर्य झाकला गेला तरी तो काही काळ पुरतो. कासवे आणि मगरी अशाच निभावल्या.

काठावर एक कमळपक्षी उतरला. त्याची बोटे त्याच्या मानाने फारच लांब असतात, पानांवर भार पसरावा म्हणून. तो चिखलातून चार पावले चालला, काहीतरी टिपले आणि पाण्यातल्या पानांवर निघून गेला. भाचा आणि मी जवळ जाऊन वाकून पाहिले. चिखल काळा होता, याच बेसाल्टचा कुजून झालेला, आणि त्यात तीन बोटे पुढे व एक मागे असे चार ठसे स्पष्ट उमटले होते. दोन ठशांमध्ये पाणी झिरपून भरू लागले होते. मी माझी वीत त्यांतल्या एकाशेजारी ठेवली आणि भाच्याने फोटो काढला.